नळावरची मस्करी

बल्लारपूरला आमच्या खोल्यांच्या लाइनीत सगळ्यांचा मिळून एकच नळ आहे. शेजारच्या खोलीत भामरागडकडचं एक जोडपं राहायला आलं. तो खाणीत ठेकेदाराकडे कामाला. ती घरी गोंडी बोलणारी, मराठी इथं येऊनच शिकत होती. एकदा पाणी आलेलं तिनं आधी पाहिलं आणि आम्हाला हाक मारली, "नळ आली!" बायांना तेवढंच पुरलं. त्यानंतर ती पाण्यासाठी गुंड-कळशी घेऊन दिसली, की कोणीतरी म्हणायचंच, "आली वं, नळ आली."

मी त्यांना विचारलं, तुम्हाला तिची बोली किती येते? तर मलाच मस्करी समजत नाही म्हणाल्या. हळूहळू तिनं बोलणंच सोडलं.

या उन्हाळ्यात भर दुपारी तिची तान्ही मुलगी तापानं फणफणली, झटके यायला लागले. नवरा ड्युटीवर. आम्ही सगळ्या आपापल्या घरात कूलरसमोर. ती मुलीला ओल्या लुगड्यात गुंडाळून आमच्या दारांवरून चालत गेली, थेट दवाखान्यापर्यंत. माझी स्कूटी अंगणातच उभी होती.

संध्याकाळी कळलं तशी मी धावले. लाइनीतली एक बाईही सोबत आली. मुलगी वाचली होती, सलाइन लावलेलं होतं. मी म्हणाले, "दार काऊन नाई वाजवलं? गाडीवर नेलं असतं ना."

ती मुलीकडेच पाहत होती. म्हणाली, "पोरगी तापला, असा सांगतो मी. तुमी पहिले हासते."

माझ्यासोबतच्या बाईनं पदर तोंडाशी धरला. ती हसत होती. तिथं, त्या खाटेजवळ. माझं डोकंच फिरलं.

घरी आल्यावर हे मी सगळ्यांना सांगितलं, तर उलट तक्रार तिचीच. एवढी घमेंड कशाची, शेजाऱ्यांना सांगू नये? मी पुन्हा नळावरचा विषय काढला, तेव्हा एक जण म्हणाली, "आमी का तिले मारलं?"

नाही मारलं.

मुलगी आता रांगते. तिची आई सगळ्यांचं भरून झाल्यावर नळावर येते, तोवर धार बारीक झालेली असते. मी तिला आधी भर म्हणते. ती मान हलवते आणि मागेच उभी राहते. मीही याच लाइनीतली, हे ती विसरत नाही.