वाडीत दोघंच

माघातलं धुकं कुंडलिकेच्या खोऱ्यात असं दाटून बसलं होतं, की समोरची झोपडीसुद्धा दिसेना. सोमा कातकरी अंगणात उकिडवा बसून बांबू चिरत होता. रोह्याच्या बाजाराला टोपल्या न्यायच्या होत्या. आजूबाजूच्या सगळ्या झोपड्यांच्या दारांत काटेरी फांद्या अडकवलेल्या. अख्खी वाडी दिवाळी झाली तशी पेणकडच्या वीटभट्ट्यांवर गेली होती, ती पावसाच्या तोंडाशी परतायची. सोमाचा एक पाय अधू, म्हणून तो आणि बायको सगुणा राखणीला मागं राहायचे. यंदा तेवढी लेक पारी भट्टीवरून आली होती, बाळंतपणाला.

सगुणा दारात आली. "आवो, पोरीचं काय खरं नाय. मूल आडवं हाय. दवाखान्यातच न्यायला पायजे."

"झोळी काढ," सोमा म्हणाला.

झोळी म्हणजे घोंगडीची दोन टोकं बांबूला बांधलेली. ती उचलायला चार तरणे खांदे लागतात, दोघं दमली की दोघं बदलतात. इथं एक म्हातारी आणि एक लंगडा.

एस.टी. खालच्या गावातल्या पिंपळापर्यंतच यायची. मध्ये ओढा आणि उतरण. सरपंच हैबतरावांनी वाडीसाठी रस्ता मागितला होता, गाडी वर यावी म्हणूनही अर्ज दिला होता. वरून उत्तर आलं: वाडीची लोकसंख्या दोन.

दोन हा आकडा सोमाच्याच तोंडचा. एक्क्याण्णव सालच्या शिरगणतीला गुरुजी धापा टाकत वर आले, तेव्हाही दारांत अशाच फांद्या होत्या.

"बाकीची माणसं कुठायत रे?"

"बाकी कोण नाय."

"अरे, एवढ्या झोपड्या! नावं सांग की."

सोमा मान खाली घालून बसला. या वाडीची रीतच तशी होती. जो लांब कामाला गेलाय, त्याचं नाव मागं राहिलेल्यानं घ्यायचं नाही. घेतलं, तर वाटेवरचं काहीबाही त्याच्या मागं लागतं. कुणाची पोरं भट्टीच्या धगीजवळ निजलेली, कुणाची बायको पोटुशी. नाव घेऊन त्यांच्यावर हा कसं संकट आणणार? गुरुजींनी दोन लिहिलं आणि ऊन चढायच्या आत उतरले.

आता सोमा पुढं, सगुणा मागं, मध्ये पारी. ओढ्यात सोमाचा पाय सटकला. झोळी दगडावर टेकली, पारी कण्हली आणि मग गप्प झाली. पिंपळाखाली पोचले तेव्हा एस.टी. निघून गेलेली, धुक्यात तिचा नुसता घरघराट ऐकू येत होता.

हैबतराव अंगावर शाल ओढून ओटीवरून उतरले. "तरी तुला सांगत होतो, सोमा. तू तोंडानंच वाडी रिकामी केलीस. आता दोन माणसांच्या वाडीला गाडी कुठनं आणू?" बोलले, पण माणूस धाडून भाताच्या गिरणीचा टेम्पो त्यांनीच मागवला. तो यायला ऊन वर आलं. कुंडलिकेवरचा अष्टमी गावचा पूल ओलांडून रोह्यात शिरेपर्यंत पारीच्या पोटातली हालचाल थांबली होती. पारी वाचली. मूल मेलेलंच निघालं. मुलगा होता.

दुसऱ्या दिवशी सगुणा लेकीपाशी दवाखान्यात राहिली. सोमा एकटाच परतला. पिंपळाखाली हैबतराव भेटले.

"पुढची मोजणी दोन हजार एकला," हैबतराव म्हणाले. "तवा तरी सांगशील ना सगळ्यांची नावं?"

"कंच्या महिन्यात येतील?"

"असंच. माघ-फाल्गुन."

"म्हंजे तवाबी मानसं भट्टीवरच," सोमा म्हणाला.

"मग?"

मोकळी झोळी खांद्यावर टाकून सोमा लंगडत ओढ्याकडं वळला. वाडीत आल्यावर घोंगडी धुऊन कुडावर वाळत घातली, बांबू आढ्याला बांधला. कुणाच्या तरी दारातली फांदी वाऱ्यानं पडली होती, ती नीट अडकवली. मग अंगणात बसून त्यानं कालचा अर्धा चिरलेला बांबू पुढ्यात ओढला.