दहापैकी किती दुखतं?

माणसाची कंबर गोळीशिवाय बरी होते, यावर माझ्या साडूभाऊंचा जेवढा विश्वास आहे तेवढा आमच्या मेव्हणीवरही नाही. हे मेव्हणीचंच म्हणणं आहे. साडूभाऊ समुद्रपूरकडच्या एका आरोग्य केंद्रात डॉक्टर आहेत. डॉक्टरने गोळी लिहावी आणि पेशंटने ती पाण्याबरोबर गिळावी, इतकी साधी गोष्ट. पण त्यांच्याकडे कंबर धरून गेलेला माणूस उताणा झोपून गुडघे छातीशी कसे घ्यायचे हे शिकून, काहीसा ओशाळून घरी येतो. माणसं त्यांना चेहऱ्याने कधी आठवत नाहीत. आमच्या वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेतल्या घरी आले की विचारतात, "थे उजव्या अंगानं झुकून चालनारे शेजारी कसे हायेत?" एसटीत जागा रिकामी असली तरी वर्ध्यापासून समुद्रपूरपर्यंत उभे राहतात, कारण सीटची पाठ त्यांना पटत नाही. माझ्या मुलीच्या साक्षगंधात होणारे जावई नमस्काराला वाकले, तर यांनी त्यांचा खांदा धरून त्यांना अर्ध्यात थांबवलं. "आधी गुडघे वाकवा, मंग कंबर. आता वाका." जावयांनी बिचाऱ्यांनी तीनदा नमस्कार केला. व्याह्यांना ती आमच्याकडची रीत वाटली आणि तेही तसेच वाकले.

पुढे त्यांच्या डोक्यात आलं की नुसता विश्वास कामाचा नाही, शोध घेतला पाहिजे. एका गावातले कंबर दुखणारे लोक गोळा करून त्यांनी स्टीलच्या डब्यातून चिठ्ठ्या काढायला लावल्या. काहींना व्यायाम, काहींना गरम पाण्याचा शेक आणि काहींना नुसतं शेजारी बसून कंबर म्हणजे काय ते समजावून सांगणं. दर रविवारी जाऊन विचारायचं, दहापैकी किती दुखतं. माझं अक्षर बरं आणि मी रिटायर्ड, म्हणून रजिस्टर माझ्याकडे आलं. आकडे चांगले आले तर वरून केंद्राला एक खोली आणि व्यायाम शिकवणारी एक बाई मिळेल, अशी त्यांना आशा होती. त्या खोलीची खिडकी कुठल्या बाजूला हवी, हेही त्यांनी ठरवून टाकलं होतं.

घोटाळा पहिल्या महिन्यातच सुरू झाला. एका घरात नवऱ्याला शेक निघाला आणि बायकोला व्यायाम. रविवारी गेलो तर दोघंही एकाच चटईवर गुडघे छातीशी घेऊन पडलेले. साडूभाऊ म्हणाले, "अहो, तुमाले तं शेक दिला होता." नवरा तसाच पडल्या पडल्या म्हणाला, "थे करते तवा मले दिसते ना. डोये मिटून बसू काय?" शेकाच्या पिशव्या साऱ्या गल्लीत फिरत होत्या. समजावून सांगण्याची चिठ्ठी निघालेल्या बायका तर व्यायामवाल्या बायकांना शिकवायला लागल्या होत्या. कोणाला कोणत्या रकान्यात लिहावं ते मला कळेना, आणि साडूभाऊंनाही. तरी आकडे मात्र दर आठवड्याला खाली येत होते. आठाचे पाच, पाचाचे तीन. त्या दिवसांत साडूभाऊ फटफटीवर गाणं म्हणायचे, आणि ते ऐकवत नसे.

मग एका रविवारी कापूस वेचायला जाणाऱ्या एका आजीने सांगितलं, "दोन लिहा." मी दोन लिहिले. आजी चहा ठेवायला उठली. एकदा उठली, बसली. पुन्हा उठली, पुन्हा बसली. तिसऱ्यांदा भिंत धरून कशीबशी उभी राहिली. साडूभाऊ हळूच म्हणाले, "आजी, खरं किती हाय?"

"आठ हाय बापू. मांगं मी आठ सांगतलं, तं तुमचं तोंड एवढुसं झालतं. एवढ्या दुरून तुमी येऊन राह्यले आमच्यासाठी. सारेच कमी सांगते. तुमाले वाईट काऊन वाटू द्याव?"

चहा पिऊन आम्ही निघालो. परत येताना साडूभाऊंनी तुरीच्या शेताजवळ गाडी थांबवली आणि ते बांधावर बसले. "भाऊ, यातलं खरं दुखनं कोनतं आन माह्यासाठी कमी केलेलं कोनतं?" मला काय माहीत? मी म्हणालो, आकडे आहेत तसे पाठवा, खोली तर मिळेल, लोकांचंच भलं होईल. ते म्हणाले, "आन ज्यानं काईच होत नाई, थे सगळ्याईले शिकवत बसू काय?" होत नाही असंही त्यांना म्हणता येत नव्हतं. काही जण खरंच ताठ चालायला लागले होते, ते त्यांनी पाठीमागून पाहिलं होतं. पण कशाने, ते दोघांनाही सांगता येईना. शेवटी अहवालात त्यांनी मला लिहायला लावलं : कशाने बरे वाटले, किती वाटले, हे आम्हाला कळले नाही. मी दोनदा विरोध केला आणि मग माझ्या चांगल्या अक्षरात ते लिहिलं.

खोली आली नाही. साडूभाऊ मात्र अजून दर रविवारी त्या गावात जातात आणि समाजमंदिराच्या ओट्यावर चटया घालून सगळ्यांना सगळंच शिकवतात. मीही जातो. का जातो, मला नक्की माहीत नाही. ते आता कोणालाच किती दुखतं ते विचारत नाहीत. गेल्या रविवारी आजी आली, चटईवर टेकली आणि कोणी न विचारता म्हणाली, "आज सात हाय." साडूभाऊ तिच्या शेजारी बसले. त्यांनी तिची पाठ दाबली नाही की व्यायाम सांगितला नाही. "बरं केलं सांगतलं," एवढंच म्हणाले. दुखणं खरंच आठावरून सातावर आलं होतं की आजी पुन्हा त्यांचं मन राखत होती, हे मला तेव्हाही कळलं नाही, आणि साडूभाऊंनी ते विचारलं नाही.