सही केली ती माहेरच्या नावानं

आम्ही तेव्हा मालाडला राहायचो, धाकटी अजून अंगावर पीत होती. ह्यांच्या लघवीतून रक्त जायचं थांबेना, म्हणून इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "बाई, मूत्रपिंडात कॅन्सर आहे, फुफ्फुसातपण गेलाय. मूत्रपिंड काढलं तर रक्त थांबेल, आजार नाही जाणार. त्यात ऑपरेशनमध्ये जास्त रक्त गेलं, नाहीतर हृदय दमलं, तर टेबलावरच संपतील. करायचं असेल तर इथं सही करा."

मी तिसरीपर्यंत शिकलेली, सवयीनं लिहून बसले माहेरचं नाव! लग्नात ताटातल्या तांदळावर नवं नाव काढलं होतं, पण ते लिहायची वेळच कधी आली नव्हती. ह्यांना आत नेल्यावर माझ्या लक्षात आलं. वाटलं, वाट लागली, परक्या बाईच्या सहीवर माझ्या नवऱ्याला चिरतायत, आता काही झालं तर माझ्यामुळेच.

दुपारी त्यांना बाहेर आणलं. डोळे उघडल्याबरोबर मी रडत रडत सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे मी अजून बिनलग्नाचाच की गं!" ते पुटपुटले, आणि लगेच कण्हले, "हसवू नको, टाके दुखतात."

चार दिवसांनी नर्सनं लघवीची बाटली दाखवली. पिवळी स्वच्छ, रक्ताचा थेंब नाही. आजार आत होताच, मला ठाऊक होतं. पण घरी आल्यावर थोरल्याची पाटी घेऊन त्यांनी मला माझं नवं नाव गिरवायला बसवलं, आणि चुकलं की ओरडायचे, तेसुद्धा मला गोड लागायचं.