गोलच्या मागे उभी कॅप्टन

गोलकीपरला स्वप्नं बघायला झोपावं लागत नाही. बॉल पलीकडच्या टोकाला गेला की दोन खांबांच्या मध्ये आपण एकटेच उरतो. हातमोज्यांना मातीचा वास येत असतो, कुठल्यातरी कारखान्याच्या मळीचा आंबट-गोड वास वाऱ्यावर येतो, आणि उघड्या डोळ्यांनी माणूस कुठल्या कुठे निघून जातो. मी तर फारच लांब जायचे. आमचे क्रीडाशिक्षक रेषेबाहेरून ओरडायचे, “ए बाई, जागी हायेस का?” मी हात वर करायचे. त्यांना वाटायचं, जागी आहे. खरं म्हणजे मी फक्त कूस बदललेली असायची.

माझं घर बेलापूरला आणि कॉलेज श्रीरामपुरात. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी, त्या हिवाळ्यात, मला एकच एक स्वप्न लागलं होतं, आणि त्यात होती आमच्या हाडवैऱ्यांची, म्हणजे कोपरगावच्या कॉलेजची, कॅप्टन. कोल्हारची पोरगी. उंचीनं माझ्या खांद्याला लागेल एवढी, पण बॉल पायात आला की आमच्या डिफेन्समधल्या धिप्पाड पोरी तिला वाट करून देत असल्यासारख्या बाजूला व्हायच्या. दोन वर्षं मी तिचा फक्त चेहरा पाहिला होता. तोंड किंचित उघडं, कपाळावर घामानं चिकटलेले केस, आणि नजर माझ्याकडे नाही, माझ्या मागच्या जाळीकडे. त्या नजरेचा मला राग यायचा. मी जणू तिथे नव्हतेच.

स्वप्न मात्र उलटं होतं. त्यात मला तिची पाठ दिसायची. मी गोलमध्ये उभी, लांब किक मारलेली, आणि ती माझ्यापासून दूर, समोरच्या गोलकडे पळत निघालेली. दोघींच्या अंगात एकाच रंगाची जर्सी. विद्यापीठाच्या संघात निवड झाली तरच हे होणार होतं. निवड करणारी माणसं नगरला आंतरकॉलेज फुटबॉलची फायनल बघायला येतात आणि मैदानावरच नावं सांगतात, हे सगळ्यांना माहीत होतं. फायनल आमची आणि त्यांचीच होणार, याबद्दलही कुणाला शंका नव्हती. म्हणजे तिनं माझ्यावर गोल मारायचे, मी दोन-चार तरी अडवायचे, आणि त्या भांडणातूनच आम्ही एका बाजूला यायचं. माझा हिशेब असा साधा होता.

कोपरगावला माझी आत्या राहते. दिवाळीच्या सुट्टीत तिच्याकडे गेले की सकाळी गच्चीवरून त्यांचं मैदान दिसायचं. गोदावरीवरून आलेलं धुकं गुडघ्याएवढं साचलेलं असायचं आणि त्यात पोरी पळायच्या, पाय नसलेल्या. आवाज अजिबात नाही. आमच्याकडे सराव म्हणजे निम्मा वेळ हसणं, उरलेला वेळ रुसणं. इथे सगळ्यांच्या चपला एका रांगेत, पाण्याच्या बाटल्या एका रांगेत. त्यांच्या मॅडम हात मागे बांधून उभ्या असायच्या आणि शिट्टीसुद्धा क्वचित वाजवायच्या. मी चहाचा कप हातात धरून बघत राहायचे आणि चहा गार व्हायचा. आत्या म्हणायची, “अगं, वैऱ्याचं काय येवढं बघती? नजर लागंल त्यांना.” मला आता वाटतं, लागलीच.

त्यांचा एक नियम आमच्याकडेही सगळ्यांना पाठ होता. रविवारचा सराव ज्या मुलीनं चुकवला, ती पुढच्या मॅचला बाहेर. नुसतं बाहेर बसायचं नाही. साध्या कपड्यांत गोलच्या मागे उभं राहून मॅचभर बॉल आणून द्यायचे, आणि शेवटी बॉलची पिशवी खांद्यावर टाकून सगळ्यांच्या मागून चालायचं. आम्ही या नियमाची भरपूर टिंगल करायचो. आमच्याकडे तो लावला असता तर मैदानात कमी आणि गोलच्या मागे जास्त पोरी दिसल्या असत्या.

कोल्हारला माझे मामा. तिथल्या चर्चमध्ये सुगीनंतर एका रविवारी कापणीचा सण असतो. ज्याच्या घरी जे पिकतं ते तो देवापुढे आणतो. उसाची मोळी, भोपळे, बाजरी, अंडी, कोंबड्या. उपासना झाली की अंगणात त्याचा लिलाव होतो आणि जमलेले पैसे चर्चच्या कामाला जातात. गंमत अशी, की बोली जिंकणारा वस्तू घरी नेईलच असं नाही. तो पैसे भरतो आणि मोठ्यानं म्हणतो, “परत देवाला!” टाळ्या पडतात आणि तीच वस्तू पुन्हा लिलावाला उभी राहते. एखादा भोपळा असा फिरून फिरून दमतो. दुसरी रीत म्हणजे, ज्या घरानं वस्तू दिली त्या घरच्या माणसानं ती शेवटपर्यंत हातात धरून उभं राहायचं.

त्या वर्षी मीही गेले होते, मामींच्या हातच्या जेवणासाठी. लिंबाच्या सावलीत चटईवर बसले आणि समोर बघते तर ती. आमच्या वैऱ्यांची कॅप्टन, पिवळ्या ओढणीत, हातात तांबडा कोंबडा. तिच्या आजीनं वाढवलेला, बाकी कुणी हात लावला की टोचणारा, तिच्याजवळ मात्र गुमान. ऊन तिच्या तोंडावर आलं होतं. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. तिचा चेहरा प्रथमच माझ्याकडे धावून येत नव्हता.

माझे मामा म्हणजे हौशी माणूस. त्यांनी कोंबड्यावर बोली लावली, जिंकली आणि ओरडले, “परत देवाला!” मग एका गुरुजींनी घेतला, त्यांनीही परत दिला. मग पुन्हा मामा. लोक हसत होते, पाळकसाहेबही हसत होते. ती पण हसत होती, पण मधूनमधून मान वळवून रस्त्याकडे बघत होती. नगर-मनमाड रस्ता तिथून दिसतो. एक लाल एसटी आली, थांबली आणि कोपरगावच्या दिशेनं निघून गेली. तेवढ्यात गुरुजींनी पुन्हा “परत देवाला!” म्हटलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मी पण वाजवल्या. ती हसायची थांबली होती, ते नंतर माझ्या लक्षात आलं.

शेवटी कोंबडा मामांच्या पदरात पडला. ती हात धूत होती तिथे मी गेले. आम्ही त्याआधी एकमेकींशी कधी बोललो नव्हतो.

“सराव हुता ना आज?” मी विचारलं.

“हुता. दुपारचा. आमी चर्चला जाणाऱ्या पोरी हाय म्हनून तर मॅडमनी सकाळचा दुपारी केला.” तिनं ओढणीला हात पुसले. “आता दुसरी गाडी धरून पोचंपर्यंत संपंल.”

“मग कोंबडा दुसऱ्या कुणाकडं द्यायचा न्हाई का?”

“टोचतोय. आनि देवाच्या दारात मधीच टाकून कसं जायाचं? मला वाटलं, एकदा बोली झाली की सुटले. तुझ्या मामांनी लई दान केलं.” ती हसली, पण नीट नाही.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. पुढची मॅच म्हणजे फायनल.

“मॅडमना सांग ना. खरं कारन हाय.”

“नियम मीच केलाय,” ती म्हणाली. “सीझनच्या सुरवातीला मीच सगळ्यांपुढं बोलले. मागच्या टायमाला एका पोरीची आई दवाखान्यात हुती, तरी ती गोलमागं उभी ऱ्हायली. आता मी कोंबडा सांगू?”

सोमवारपर्यंत बातमी श्रीरामपुरात पोचली. आमच्या कॅन्टीनमध्ये जो आनंद झाला तो बघण्यासारखा होता. कोपरगाव संपलं, असं चहा ओतणाऱ्यापासून प्राध्यापकांपर्यंत सगळे ठरवून मोकळे झाले. तिच्याशिवाय त्यांच्याकडे आहे कोण? मधली फळी बॉल आणून देणार, पण मारणार कोण? आमचे सर इतके खूश होते की त्यांनी मला दोन दिवस ओरडून जागं केलं नाही. मी मात्र चिडले होते. मामांवर, गुरुजींवर, त्या मॅडमवर, आणि कुणी विचारलं तर त्या कोंबड्यावरसुद्धा. मला सोपी फायनल नको होती. मला ती हवी होती.

फायनलच्या दिवशी नगरच्या मैदानावर मी सरळ त्यांच्या मॅडमसमोर जाऊन उभी राहिले. विरोधी संघाची गोलकीपर आपल्या कॅप्टनची वकिली करायला आलीय, हे बघून त्यांच्या पोरी चपला सोडायच्या थांबल्या.

“मॅडम, ती खोटं बोलत नाहीये. मी तिथं होते. तिचा खरंच नाइलाज झाला.”

मॅडम शांत होत्या. “मी तिला कारण विचारलंच नाही, बाळा. कारणं सगळ्यांचीच खरी असतात. म्हणून तर ती विचारायची नाहीत, असं ठरलंय.”

“पण आज निवड आहे.”

“मला माहीत नाही का?” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज जरा फाटला. मग त्यांनी पाठ फिरवली आणि दुसऱ्या पोरीला कॅप्टनची पट्टी बांधायला लागल्या. एवढ्या शिस्तीच्या बाई, पण गाठ त्यांच्याकडून दोनदा सुटली.

मैदानाच्या एका टोकाला वेड्या बाभळी आहेत. बॉल हमखास तिकडे जातो, म्हणून ती त्या गोलमागे उभी राहिली. जुना निळा ट्रॅकसूट, पायात स्लिपर. पहिल्या हाफमध्ये मी समोरच्या टोकाला होते. सगळ्या मैदानापलीकडे ती बोटाएवढी दिसत होती. बॉल तिकडे असला की मला बाकी कुणी दिसायचंच नाही. थंड ऊन होतं, धूळ हळूहळू वर चढत होती, आणि मी पुन्हा माझ्या स्वप्नात गेले. तिच्या अंगावर जर्सी चढवली, तिला पळवलं. बाहेरून सरांचा आवाज आला, “ए बाई, जागी हायेस का?” मी हात वर केला.

हाफ टाइमनंतर बाजू बदलल्या आणि ती माझ्या पाठीमागे आली. आता मला ती दिसत नव्हती, फक्त ऐकू येत होती. बॉल बाभळीत गेला की स्लिपरचा फटफट आवाज, काटा मोडल्याचा आवाज, मग जाळीच्या कडेनं पुढे आलेला हात. हातावर ओरखडे होते.

“काटा लागला का?” मी विचारलं.

“समोर बघ,” ती म्हणाली.

मी समोर बघितलं. आणि त्या दिवशी मी खेळले, हे मला माझ्या तोंडानं सांगायला हवं. आयुष्यात तशी पुन्हा खेळले नाही. तिच्या पोरी संपल्या नव्हत्या. त्या एकामागून एक येत होत्या, न ओरडता, धुक्यात पळायच्या तशा. मी पडत होते, उठत होते. मागे तिचा श्वास ऐकू यायचा. तिच्या संघाचा बॉल मी अडवला की तो श्वास थोडा अडकायचा. कौतुकानं की दुःखानं, कोण जाणे.

मॅच संपत आली तेव्हा आमच्या एका पोरीनं गोलजवळ त्यांच्या पोरीला पाडलं. पेनल्टी. मारायला आली ती नवी कॅप्टन. ती कुठे मारते, हे माझ्या मागे उभ्या असलेल्या जुन्या कॅप्टनला झोपेतही सांगता आलं असतं. वर्षभर दोघी एकत्र सराव करत होत्या. मी वळले नाही. ती बोलली नाही. मैदानावर एवढी माणसं होती, पण मला आम्ही दोघीच आहोत असं वाटत होतं, एक जाळीच्या आत आणि एक बाहेर. मी उजवीकडे झेपावले. बॉल डावीकडून गेला.

मागे टाळी वाजली. एकच. मग तिनं वाकून जाळीतला बॉल काढला, छातीशी धरला आणि मला उठायला हात दिला.

कोपरगाव जिंकलं. आमच्या कॅन्टीनमधले सगळे ज्योतिषी त्या दिवशी गप्प झाले. निवड करणाऱ्यांनी नावं सांगितली. गोलकीपर म्हणून माझं होतं. हरूनसुद्धा आमचे सर मला उचलून घ्यायला धावले. मी शेवटच्या नावापर्यंत कान देऊन ऐकलं. जी खेळलीच नाही तिचं नाव ते कुठून घेणार होते?

त्यांच्या पोरी नाचत टेम्पोकडे निघाल्या. सगळ्यांच्या मागे ती, बॉलची पिशवी खांद्यावर टाकून. आणि तेव्हा मला तिची पाठ दिसली. माझ्यापासून दूर चाललेली. ट्रॅकसूट पाठीवर बाभळीनं फाटला होता आणि तिथे नंबर नव्हता. मला रडू आलं. मी डोळे पुसलेही नाहीत.

“ए!” मी हाक मारली. पुढे काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं.

ती वळली. माझ्याकडे थोडं बघितलं, माझ्या मागच्या जाळीकडे नाही, माझ्याकडेच.

“कोंबडा कापला का गं मामांनी?” तिनं विचारलं.

“न्हाई. नाताळला कापणार म्हनत्यात.”

“कापू नका म्हनावं,” ती म्हणाली आणि पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. “लई महागाचा हाय.”

मामांनी तो कापला नाही. नाताळला मामींनी मटण आणलं आणि कोंबडा अंगणात फिरत राहिला. मी आता बेलापूरला शाळेत शिकवते. कोल्हारला मुक्कामी गेले की तो पहाटे आरवतो, आणि मी उठून बसते, समोर बघत.