निनादच्या वतीने

गिरिजा आठ वर्षांची असताना वडिलांची सांगलीहून जयपूरला बदली झाली आणि तिचं बालपण तिथेच आटोपलं. वडील दिवसभर विमा कंपनीत. आई जयंतीबाईंना हिंदीचा गंध नाही. मग दूधवाल्याशी हुज्जत घालायची कोणी? गिरिजाने. घरमालकाला "भाईसाहब, नल ठीक करवाइए" कोणी सांगायचं? तिनेच. थोरली म्हटली की हे आलंच. निनाद चार वर्षांनी धाकटा, घरातलं शेंडेफळ. शाळेत बाईंनी त्याला नाव विचारलं तरी उत्तर हिचं. पोरगी धीट आहे म्हणत लोक. बरं वाटायचं तिला, कोणाला नाही वाटणार?

पुढे ती जयपूरच्याच सी-स्कीम भागातल्या बँकेत लागली, निनाद वडिलांच्याच कंपनीत, जवळच्या चौमूं गावच्या शाखेत. वडील गेल्यावर जवाहर नगरच्या घराचा कारभार तिच्याकडे आला, म्हणजे होताच. निनादचे शर्टसुद्धा तीच आणायची. "त्याला मेलं काही ठरवताच येत नाही," असं चारचौघांत सांगायची, आणि तो शेजारी उभा राहून हसायचा.

२००४ साली त्याला स्थळ आलं. छावणीतले सुभेदार संभाजीराव निवृत्त होऊन साताऱ्याला परतणार होते. त्यांची मुलगी वल्लरी पुण्यात शिक्षिका, रजा काढून आली होती. पाहण्याच्या कार्यक्रमात ती निनादशी अर्धा तास गच्चीवर बोलली. आणि नवल म्हणजे, तोही बोलला.

आठवड्याने गणगौरच्या सणाची सुट्टी होती, दोघं भावंडं घरीच होती. फोन गिरिजाने उचलला.

"ताई, पोरगी तयार हाय," संभाजीराव म्हणाले. "फक्त निनादरावांनी पुण्याला बदली मागावी. त्यांना विचारून सांगा."

निनाद चार हातांवर बसला होता. पण विचारतंय कोण! उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"छे हो, आमच्या निनादला जयपूर सोडून जमायचं नाही. मी दोन दिवस नसले तर त्याला स्वतःचे मोजे सापडत नाहीत."

फोन ठेवून तिने त्याला सांगितलं, "पुण्याला ये म्हणत होते. नाही म्हणून टाकलं. तुझं काही जमलं नसतं."

"बरं," तो म्हणाला.

पुढची चार वर्षं आलेल्या प्रत्येक स्थळाला त्याने "ताई म्हणेल तसं" एवढंच म्हटलं, आणि एकही जुळलं नाही. मग २००८ मध्ये आईच्या मोतीबिंदूचे कागद शोधायला गिरिजाने त्याचं कपाट उघडलं. तिथे बदलीच्या अर्जाची प्रत होती. पुण्यासाठी. तारीख त्या फोनच्या दोन दिवस आधीची. त्या प्रतीला टाचलेला दुसरा कागद, अर्ज मागे घेत असल्याचा, गणगौरच्या दुसऱ्या दिवशीचा.

तिने दोन्ही तारखा पुन्हा वाचल्या. आपण त्याला सांभाळलं असं आयुष्यभर वाटत होतं; आपण त्याला बोलूच दिलं नव्हतं.

संध्याकाळी निनाद चौमूंहून आला. तिने कागद पुढे धरले.

"मला तेव्हाच सांगायचं होतंस ना रे! का नाही सांगितलंस?"

त्याने कागदांकडे पाहिलं. तोंड उघडलं.

"मला वाईट वाटेल म्हणून ना?" गिरिजा म्हणाली.

त्याने तोंड मिटलं.

"हो," तो म्हणाला, आणि हातपाय धुवायला गेला.