सासऱ्यांचे पाच साचे

इंग्रजी बोलणारी माणसं आमच्या शहरात गल्लोगल्ली सापडतील, पण इंग्रजी लेथवर चढवून मापात कातणारा माणूस एकच झाला, आणि तो म्हणजे माझे सासरे. हे मी कौतुकानं सांगतो आहे. मात्र या कौतुकाला लाज चिकटलेली आहे आणि ती सगळी माझी आहे, हेही आधीच सांगून टाकतो.

सासरे मूळचे वैजापूरकडचे. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात लेथवर लोखंड कातणारा टर्नर म्हणून त्यांनी उमेदीची सगळी वर्षं घालवली आणि निवृत्तीनंतरही खाकी शर्टाच्या खिशातलं माप घ्यायचं कॅलिपर काही काढून ठेवलं नाही. काकडी असो की सासूबाईंची भाकरी, जाडी मोजल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. एकदा पाहुण्यांसमोर त्यांनी भाकरी कडेला दीड मिलिमीटर जास्त असल्याचं जाहीर केलं, तेव्हा सासूबाईंनी पिठाची परात त्यांच्यापुढं सरकवली होती. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही हा त्यांच्या घराण्यातला जुना रिवाज. बाकी सगळ्यांनी तो कधीच सोडला, पण हे आमच्याकडं येताना स्वतःची पाण्याची बाटली आणत आणि चहाची तल्लफ आली की कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन पिऊन येत.

अशा माणसाला बासष्टाव्या वर्षी इंग्रजीनं गाठलं ते माझ्या मुलीमुळं. ओवी तेव्हा इंग्रजी शाळेत दुसरीला होती. एकदा फोनवर तिनं आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, शाळेतली काहीतरी लांबलचक गोष्ट इंग्रजीतून सांगितली आणि आबा पाच मिनिटं नुसतं येस येस करत राहिले. पुढच्या रविवारी सकाळी नऊच्या ठोक्याला ते वही आणि टोक केलेली पेन्सिल घेऊन दारात हजर.

"जावईबापू, ही पोरगी मोठी झाल्यावर नुसतं येस येस करून भागायचं नाय," ते म्हणाले. "मला तिच्याशी बोलायचंय."

मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. जावई होतोच, आता गुरूही झालो, त्यामुळं माझ्यापुढं खुर्चीवर बसायला ते काही केल्या तयार होईनात. सासरा सतरंजीवर आणि जावई सोफ्यावर, असा आमचा वर्ग भरला. खरं सांगायचं तर मला रविवार मोकळा हवा होता. तासाभरात कटकट मिटावी म्हणून मी त्यांना वाक्यांच्या पाच मूळ रचना सांगितल्या आणि सगळं इंग्रजी या पाच साच्यांतूनच निघतं, असं ठोकून दिलं. साचा हा शब्द ऐकल्यावर त्यांचा चेहरा असा उजळला की मलाच ओशाळल्यासारखं झालं. त्यांनी पाचही साच्यांना नावं दिली: उडणारा, खाणारा, असणारा, देणारा आणि बनवणारा. पक्षी उडतात तो उडणारा, मी भात खातो तो खाणारा, आणि असंच पुढं. मग दिसेल ते वाक्य ते साच्यात घालून बघू लागले. बसलं तर ओके, नाही बसलं तर रिजेक्ट. वर्तमानपत्रातल्या जाहिरातींचे मथळे ते रोज रिजेक्ट करत.

क्रांती चौकातून रिक्षानं जाताना त्यांनी चालकाला पाठीमागून सांगितलं, "यू ड्राइव्ह. आय सिट. वुई गो." चालक शांतपणे म्हणाला, "चचा, जाना किधर है वो बोलो पैले." सासरे दिलखुलास हसले. मी मात्र बाहेरच्या दुकानांच्या पाट्या वाचत राहिलो, जणू यांची माझी ओळखच नाही.

मग ओवीच्या शाळेत आजीआजोबांचा दिवस ठरला. प्रत्येक मुलानं घरचं एक वडीलधारं माणूस आणायचं आणि त्यानं आपल्या कामाविषयी दोन मिनिटं इंग्रजीत बोलायचं. ओवीनं परस्पर आबांना शनिवारचं आमंत्रण देऊन टाकलं. आबांनी महिनाभर खपून वीस वाक्यं तयार केली. आय ॲम अ टर्नर. आय कट आयर्न. त्या शाळेत आमच्या प्राचार्यांची नात शिकते. प्राचार्य पहिल्या रांगेत बसलेत, खाकी शर्टातले सासरे एकेक वाक्य मोजून स्टेजवर ठेवताहेत, आणि लोक माझ्याकडं वळून बघताहेत, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. शुक्रवारी संध्याकाळी मी त्यांना फोन केला आणि कार्यक्रम रद्द झाल्याचं सांगितलं.

"बरं," ते म्हणाले. "ओवी हिरमुसली आसंल. तिला जपा."

घरी मी सांगितलं की आबांचा गुडघा दुखतोय. बायकोनं लगेच फोन लावून गुडघ्याची चौकशी केली. पण ते तिला म्हणाले, हो, दुखतोय जरा. मी नशिबाचे आभार मानले. हे त्यांना कसं सुचलं, असा प्रश्न त्या वेळी माझ्या मनाला शिवलाही नाही. शनिवारी ओवीच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. तिनं तिच्यावर आपलं दप्तर ठेवलं होतं.

सोमवारी शाळेच्या फाटकावर वॉचमननं मला हटकलं. "सर, ते खाकी शर्टवाले आजोबा आले न्हाईत व्हय शनिवारी? शुक्रवारी दुपारी येऊन गेलते. हालमधी खुर्च्या मांडणं चालू होतं. म्हणले, पहिला पीस तपासल्याबिगर आमी बॅच चालू करत नसतो. स्टेजवर उभं राहून समदं भाषण मलाच ऐकवलं. मला कुठं इंग्रजी कळतंय, पण शेवटी हात जोडले, म्हणून मी इचारलं, काय म्हणलात. तर म्हणले, माझा जावईच माझा मास्तर हाय, आसं सांगितलंय."

म्हणजे मी फोन केला तेव्हा त्यांनी मांडलेल्या खुर्च्या डोळ्यांनी पाहिलेल्या होत्या. सगळं कळूनही ते 'बरं' म्हणाले, आणि लेकीनं गुडघ्याचं विचारल्यावर माझं खोटं त्यांनी आपल्या गुडघ्यावर घेतलं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

पुढच्या रविवारी ते नऊलाच आले. हातात वही नव्हती. सतरंजीकडं न बघता ते सरळ खुर्चीवर बसले. मी कसाबसा म्हणालो, "आबा, त्या शनिवारचं..."

"ऱ्हाऊ द्या जावईबापू," ते म्हणाले. "ओवीला तेवढं कळू देऊ नका. बापाविषयी पोरीच्या मनात काय यायला नको."

ते अजूनही दर रविवारी येतात, बाटली घेऊन. माझ्याशी पिकापाण्याचं बोलतात, पण इंग्रजीचा एक शब्द माझ्यासमोर काढत नाहीत. मी स्वयंपाकघरात गेलो की बाहेर त्यांचा आवाज बदलतो. एकेक वाक्य सावकाश, मापात येतं, ओवी काहीतरी दुरुस्त करते आणि दोघं हसतात. मी बाहेर आलो की थांबतात. म्हणून हल्ली रविवारी मी स्वयंपाकघरात काहीतरी काम काढतो. ते पिणार नाहीत हे माहीत असूनही त्यांच्यासाठी पाण्याचा ग्लास भरतो आणि तो हातात धरून दाराआड बराच वेळ उभा राहतो.