कोळशाच्या गोळ्या

हे मी कधीच कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही, चाळीस वर्षं एका घरात काढून. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही.

उज्जैनच्या एका कापड गिरणीत मी केमिस्ट होतो. मध्यभारत मोडून नवा मध्य प्रदेश व्हायचे ते दिवस. रंगखात्याचं पाणी नाल्यात जायचं, नाला क्षिप्रेत. ते साफ करायला मी एक युक्ती काढली — चिकणमातीत बाभळीच्या कोळशाची पूड मळून भाजलेल्या गोळ्या. नुसता कोळसा वाहून जायचा, नुसती माती रंग धरायची नाही. युक्ती माझी, पण गोळ्या वळल्या, भाजल्या त्या भेरूलालनं. नाल्याकाठच्या बस्तीतला कुंभार, माझ्याहून वयानं मोठा. हौदात गोळ्या भरल्या आणि वरून लाल सोडलेलं पाणी खालून नितळ आलं. भेरूलाल ते ओंजळीत घेऊन बघतच राहिला.

तीन महिन्यांनी तोच सांगत आला, "साब, गोलियाँ भर गईं. अब रंग नहीं पकड़तीं. फिर से भट्टी में डालनी पड़ेंगी."

खरं होतं. पण त्यासाठी रंगखातं आठवडाभर बंद ठेवावं लागलं असतं, आणि मॅनेजर नाही म्हणाले. मी वाद घातला? नाही. सरकारी तपासणी तोंडावर आली होती. मी हौदात ब्लीचिंग पावडर टाकली. रंग उडाला — फक्त रंग. विष तसंच राहतं, हे मला ठाऊक होतं. तपासणीला आलेल्या साहेबांनी पाण्याची बाटली उजेडात धरली, सही केली. मग मी रोजच पावडर टाकू लागलो. भेरूलालनं विचारलं तेव्हा म्हणालो, "अब ठीक है."

बस्तीची विहीर नाल्याला लागून. पाणी लालसर यायचं म्हणून बायकांनी ती कधीच सोडली होती. आता भेरूलालनंच घरोघर जाऊन सांगितलं — भरो, साब बोले हैं, साफ है.

उन्हाळ्यात बस्ती आजारी पडली. बाकीचे हळूहळू उठले. भेरूलालची बायको, गेंदाबाई, उठली नाही.

चौकशी झाली. मॅनेजरच्या खोलीत पाच-सहा माणसं, भेरूलाल दाराशी उभा. मला विचारलं, काय चुकलं? आणि मी — मी म्हणालो, गोळ्या कच्च्या भाजल्या होत्या.

वाटलं, हा आता बोलेल. गोळ्या भरल्याचं त्यानंच नव्हतं का सांगितलं? म्हणून मी घाईघाईनं पुढे म्हणालो, कच्च्या होत्या म्हणूनच इतक्या लवकर भरल्या. तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं मान खाली घातली. त्याला पटलं होतं.

बाहेर व्हरांड्यात त्यानं माझ्यापुढे हात जोडले. "साब, मेरे हाथ से ही गई वो. आपका नाम भी खराब किया मैंने."

मी काय म्हणालो असेन? "जाने दो, भेरूलाल." म्हणजे मी त्याला माफ केलं!

त्यानंतर त्यानं चाकाला हात लावला नाही. घाटावर लोकांची ओझी वाहायचा. मी दिसलो की ओझं खाली ठेवून रामराम करायचा. दर वेळी ठरवायचो, आज सांगू. अकरा वर्षं ठरवलं.

तो गेल्याचं मला टावर चौकात, भाजी घेताना कळलं. त्याच समजुतीत गेला — की बायको आपल्या हातानं मेली. आणि मला काय वाटलं?

सुटलो, असं वाटलं.